डी-डायमर ६४० आले, म्हणजे फुप्फुसात गुठळी आहेच का?

निपाणीत राहणाऱ्या आपल्या ६८ वर्षांच्या आईंना दोन दिवसांपासून चालताना धाप लागते आणि डी-डायमर ६४० आले आहे. तेव्हा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असे समजावे का, आणि सीटी स्कॅनऐवजी रक्ततपासणीवर भागेल का, असे आपण विचारले आहे. मी बेळगावातील एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. म्हणून तपासणीपुरतेच सांगते.

गुठळीतले फायब्रिनचे (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांचे) जाळे शरीर विरघळवू लागले की त्याचे जे तुकडे रक्तात उतरतात, त्यांपैकी एक म्हणजे डी-डायमर. कोठेतरी जाळे विणले जाऊन तुटत आहे, एवढेच त्यावरून कळते. ते फुप्फुसात की अन्यत्र, हे कळत नाही. न्यूमोनिया, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, इतकेच काय, खानापूरच्या रानात झालेला सर्पदंश, यांपैकी कशानेही तो वाढतो. या तपासणीचा खरा उपयोग उलट बाजूने आहे: डॉक्टरांना लक्षणांवरून शंका कमी वाटत असेल आणि डी-डायमर मर्यादेत असेल, तर गुठळी जवळजवळ नाहीच असे धरता येते. शंकाच दाट असेल, तर अहवाल कसाही येवो, थेट सीटी करतात.

आता आकड्याकडे वळू. चिकोडीकडचे एक गृहस्थ वडिलांचे दोन अहवाल घेऊन आमच्या खिडकीशी आले होते, एकावर ०.९, दुसऱ्यावर ४५०, आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळालेले. डी-डायमर एफईयू आणि डीडीयू अशा दोन एककांत मोजतात. पहिला अहवाल मायक्रोग्रॅममध्ये व एफईयूमध्ये होता, दुसरा नॅनोग्रॅममध्ये व डीडीयूमध्ये. ०.९ मायक्रोग्रॅम म्हणजे ९०० नॅनोग्रॅम. एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट येतो, म्हणजे दोन्ही अहवाल एकच गोष्ट सांगत होते. तेव्हापासून मी एककाभोवती पेनाने गोल करूनच कागद हाती देते.

आपल्या अहवालावर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, एफईयू असे असेल, तर नेहमीची मर्यादा ५०० आहे. परंतु पन्नाशीनंतर वयाला १० ने गुणून मर्यादा धरण्याची पद्धत आता रूढ आहे. ६८ वर्षांना ती ६८० होते, आणि शंका दाट नसेल तर ६४० तिच्या आत बसते. डीडीयू असेल, तर मात्र हाच आकडा बराच वाढलेला ठरतो. रक्त पातळ करणारे औषध आधीच सुरू असल्यास आकडा खाली येतो, तेही डॉक्टरांना सांगावे.

ट्रोपोनिन आणि बीएनपी याही तपासण्या होतात, पण गुठळीमुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर किती ताण आला हे पाहण्यासाठी. गुठळी आहे की नाही हे त्या ठरवत नाहीत. सीटीला पर्याय ठरेल अशी रक्ततपासणी नाही. सीटीत शिरेतून रंगद्रव्य देतात, म्हणून आधी मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन रक्तात पाहतात. मूत्रपिंडाची तक्रार असेल तर पायांच्या शिरांचे डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणारी तपासणी) किंवा व्ही-क्यू स्कॅनचा (फुप्फुसात हवा व रक्त कोठे पोहोचते हे दाखवणाऱ्या स्कॅनचा) विचार होतो. दोन दिवसांची धाप आहे, तेव्हा अहवालाचा अख्खा कागद घेऊन आईंना आजच डॉक्टरांकडे न्यावे. छातीत कळ आली, घेरी आली किंवा थुंकीतून रक्त पडले, तर सरळ आपत्कालीन विभाग गाठावा.