आडत सोडायच्या आधी हे वाच भावा

भावा, ॲक्टिंग करू का मालिका लिहू का रहस्यकथा म्हणून तू डोकं पिकवायलास, अन् त्यासाठी वडलांची मोंढ्यातली आडत सोडून डायरेक्ट मुंबई गाठणार म्हणतोस, तर आधी स्टीफन कॅनेल हा टीव्ही मालिका लिहिणारा अमेरिकन माणूस बघ. वडलांच्या फर्निचरच्या धंद्यात दिवसभर राबायचा, संध्याकाळी लिहायला बसायचा, त्यात डिस्लेक्सिया, म्हणजे वाचता-लिहिताना अक्षरांचा गोंधळ, स्पेलिंगची पार बोंब, शाळेत नापास झालेला गडी. तरी १९७४ ला 'द रॉकफर्ड फाइल्स' ही मालिका रॉय हगिन्ससोबत काढली, १९८३ ला 'द ए-टीम' फ्रँक लुपोसोबत, म्हणजे जोडीदार घ्यायला लाजला नाही बघ. 'रेनेगेड' मालिकेत तर स्वतःच भ्रष्ट पोलीस झाला. पहिली कादंबरी १९९५ साली, पन्नाशी उलटल्यावर! मग शेन स्कली नावाच्या डिटेक्टिव्हची अख्खी सिरीज.

ॲक्टिंगचं म्हणशील तर राज्य नाट्य स्पर्धेत उतर, संभाजीनगरला विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहेच, ते सोपंय. खरं काम लिहिण्यात. रहस्यकथेत खुनी कोण ते आधी ठरव अन् उलटं मागं मागं येत धागे पेर, नाहीतर शेवटी ऐनवेळी कुठला तरी जुळा भाऊ काढावा लागतो, लई चीड येते वाचताना. अन् लंडन-बिंडन कशाला? सोयाबीनचा सौदा, काट्यात मारलेलं माप, हिशोबपट्टीवर खोडलेला आकडा, रात्री गोदामात राहिलेला हमाल, हे सगळं तुझ्या डोळ्यासमोर चालू असतं की रे. पहिली वीस पानं झाली की पाठव, पण टाइप करून, वहीचे फोटो नकोत.