मैदानाला ज्यांचं नाव होतं ते मास्तर

प्रश्न : शिकागो विद्यापीठातल्या ‘स्टॅग फील्ड’ या मैदानाच्या गॅलरीखाली २ डिसेंबर १९४२ रोजी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली, असं वाचलं. हे स्टॅग कोण? शास्त्रज्ञ, की लष्करातले कुणी? – एक वाचक

उत्तर : दोन्ही नव्हेत. स्टॅग खेळाचे मास्तर होते. मी स्वतः बत्तीस वर्षं शाळेत खेळ शिकवला, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. आमच्या तासाला मुलं मैदानावर यायची ती इतर विषयांचा धडा पुरा झाला असेल तरच. म्हणून अमोस अलोन्झो स्टॅग यांच्याबद्दल मला सगळ्यात मोठं काय वाटतं, ते आधी सांगतो. १८९२ मध्ये शिकागो विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी त्यांना क्रीडा विभागाचे संचालक नेमलं, तेही सहयोगी प्राध्यापकाच्या दर्जाने आणि कायम नोकरीवर. त्या काळी कॉलेजांमध्ये प्रशिक्षक हंगामापुरता यायचा, सामने संपले की जायचा. इथे प्रथमच खेळ शिकवणारा माणूस इतर प्राध्यापकांच्या रांगेत बसला.

स्टॅग यांचा जन्म १८६२ चा, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजचा. वडील जोडे शिवायचे. येल विद्यापीठात ते पोटाला चिमटा काढून शिकले. बेसबॉलमध्ये त्यांची गोलंदाजी अशी, की व्यावसायिक संघ पैसे घेऊन मागे लागले होते, पण ते गेले नाहीत. धर्मोपदेशक व्हायचं ठरवलं होतं. मात्र आपल्याला बोलता येत नाही, हे लक्षात आल्यावर तो नाद सोडून ते स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत गेले. तिथेच जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधून काढला. ११ मार्च १८९२ ला या खेळाचा पहिला जाहीर सामना झाला, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी. विद्यार्थी ५–१ ने जिंकले. शिक्षकांचा तो एकुलता एक गोल स्टॅग यांचा!

शिकागोत त्यांनी ४१ हंगाम काढले. फुटबॉल (अमेरिकन, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा), बेसबॉल, धावण्याच्या शर्यती, सगळंच बघितलं. पहिल्या वर्षी संघात माणसं कमी पडली, तर स्वतःच खेळायला उतरले. त्यांचा एक सामना मी कितीदा वाचला असेन! ३० नोव्हेंबर १९०५. समोर मिशिगन, १९०१ पासून ५६ सामन्यांत न हरलेला संघ. शिकागोच्या एकरसॉलने लांब लाथाडलेला चेंडू मिशिगनच्या खेळाडूने आपल्याच गोलरेषेमागे झेलला आणि तो घेऊन पळायला निघाला. शिकागोच्या पोरांनी त्याला मागे रेटून तिथेच पाडलं. असं झालं की समोरच्या संघाला दोन गुण मिळतात. निकाल २–०, बाकी काही नाही.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. बाहेर जाऊन बाकीच्या कॉलेजांना हरवतील असे संघ हार्पर यांना हवे होते, आणि खेळाच्या पैशाचा कारभार स्टॅग यांच्या हाती होता. तिकिटांची विक्री वाढली, गॅलऱ्या वाढल्या, खेळाकडे कमाई म्हणून बघायची सवय लागली. ज्या पदामुळे मास्तरांना मान मिळाला, त्याच पदामुळे हेही घडलं. मला ते खटकतं.

सत्तरी गाठताच विद्यापीठाने त्यांना निवृत्त केलं. त्यांना जायचं नव्हतं. १९३३ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये रुजू झाले आणि १९४३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, देशातले वर्षाचे सर्वोत्तम फुटबॉल प्रशिक्षक ठरले. नंतर पेनसिल्व्हेनियात मुलाच्या जोडीने संघ सांभाळला. नव्वदी ओलांडल्यावरही ते पोरांना किक मारायला शिकवत होते. १९६५ मध्ये गेले, १०२ वर्षांचे होऊन.

आता त्या गॅलरीचं. १९३८ मध्ये स्टॅग आपला पॅसिफिकचा संघ घेऊन शिकागोला आले आणि आपल्याच नावाच्या मैदानावर शिकागोला ३२–० ने हरवलं. पुढच्याच वर्षी विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. गॅलऱ्या ओस पडल्या. १९४२ मध्ये शास्त्रज्ञांना जागा मिळाली ती पश्चिमेच्या गॅलरीखालच्या बंदिस्त कोर्टात.