आधी वाक्य पुरं होऊ दे

प्रिय मुली,

काल रात्री साडेअकराला तुझा भलामोठा मेसेज आला. जागीच होते, पण चष्मा सापडेना, म्हणून सकाळी वाचला. मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाला तू दुपटं नेलंस, सगळ्यांनी "किती छान, किती छान" केलं, एकीनं "विकतेस का?" विचारलं, आणि घरी येऊन तू रडलीस. का, तर यातलं मनापासूनचं कुठलं आणि तोंडदेखलं कुठलं, ते कळेना.

ते राहू दे जरा बाजूला. मधेच तू सहज म्हणून एक गोष्ट लिहिलीस, तिनं माझा चहा गार झाला. बाळाच्या पणजीनं दुपटं हातात घेतलं, उलटं केलं, मागच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "अगं, हे तर..." आणि तू काय केलंस? "कोपऱ्यात टाके वाकडे गेलेत हो आजी, बघू नका. जुन्या चिंध्याच जोडल्यात नुसत्या." आजी हसल्या आणि दुपटं पुढं दिलं.

वेडे, हे तर काय? काय म्हणणार होती ती बाई?

वाक्य पुरं होऊ द्यायचं गं. एवढंच सांगायला हे पत्र लिहितेय. बाकीचं जे लिहीन ते वाचलं नाहीस तरी चालेल.

पुढून सगळेच बघतात. पुढं रंग असतात, साडीचे काठ असतात, तिथं "किती छान" म्हणायला काही लागत नाही. मागं टाका असतो. धावदोरा सारख्या अंतरानं पडलाय का, गाठ थरात दडवलीय की वर लोंबतेय, मधलं कापड सपाट बसलंय की आत चोळामोळा झालाय, ते मागूनच कळतं. उलटं करून बघणारी बाई स्वतः जमिनीवर बसलेली असते कधीतरी. चार कोपऱ्यांवर तांबे ठेवून लुगडी अंथरलेली असतात तिनं, कच्चे टाके घालून कडेकडेनं आत आत शिवत गेलेली असते. अशी बाई पन्नास जणांत एखादी भेटते. तिला तू गप्प केलंस, आणि मला विचारतेस, खरं कौतुक कुठलं!

आणि चिंध्या म्हणून हिणवायचं नाही. गाडगे महाराजांना लोक गोधडे महाराज म्हणायचे, ते काय हिणवायला? तान्ह्या बाळाच्या अंगाला आपण जुनंच कापड लावतो, कारण ते धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं. तुझ्या आजीच्या सुती नऊवारीचं मऊपण दुकानात मिळालं असतं का तुला?

रागावतेय असं वाटेल. रागावतेच आहे, पण सगळं तुझ्यावर नाही.

आमच्या सासूबाईंची एक गोधडी होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नारायण पेठेतल्या वाड्याच्या खालच्या खोल्या बुडाल्या. मी तेव्हा या घरात यायची होते. त्यांची लुगड्यांची ट्रंक गाळात गेली. लुगडी धुतली, परत धुतली, तो रंग काही जाईना. मग त्यांनी ती मधल्या थरांना घातली आणि वरून चांगलं तांबडं इरकली लावलं. मी लग्न होऊन आले तोवर वरचं इरकल विरत चाललं होतं आणि भोकाभोकांतून तो मातकट रंग डोकवायचा. आलं-गेलं कुणी म्हणायचं, "काय सुरेख आहे हो गोधडी!" सासूबाई हातातलं काम थांबवायच्या. तांदूळ निवडत असल्या तर सूप खाली ठेवायच्या. समोरच्या बाईचं सगळं बोलून होईपर्यंत तिच्याकडे बघत राहायच्या आणि मग म्हणायच्या, "हो, झालीय खरी." बस. ना लाजणं, ना फुशारकी.

मला तेव्हा तो गर्व वाटायचा. आमच्या माहेरी शिकवण वेगळी. कुणी बरं म्हटलं की आपण दोन दोष काढून दाखवायचे, म्हणजे दृष्ट लागत नाही. तूही त्याच शाळेतली दिसतेस.

१९८९ च्या थंडीत मी माझी पहिली मोठी गोधडी पुरी केली, सासूबाईंच्याच चार लुगड्यांची. त्या तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांच्या अंगावर घातली. त्यांनी हनुवटीपर्यंत ओढून घेतली, काठावर बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "अगं, ही तुझी गोधडी..." त्यांनी माझ्या कुठल्याच कामाला तोवर चांगलं-वाईट म्हटलं नव्हतं. आणि मी काय बोलावं? "थांबा आई, पायाकडची कड उसवलीय, चार टाके घालून आणते." अंगावरून ओढून घेतली की गं मी. टाके घालून परत आले तर त्यांना झोप लागली होती. तीन आठवड्यांनी त्या गेल्या. तो विषय पुन्हा निघाला नाही, आणि मीही काढला नाही. लाज वाटली.

कड उसवली होतीच, ते काही खोटं नव्हतं. आणि थंडीत उसवलेली गोधडी आजारी माणसाच्या अंगावर ठेवायची का? पण चार टाके उद्या घालता आले असते. पस्तीस वर्षं मी ते वाक्य आपल्या मनानं पुरं करतेय. कधी चांगलं पुरं होतं, कधी "...पायाकडं तोकडी पडते" असंही होतं. तेही चाललं असतं मला.

आता तुझी ती "विकतेस का?" म्हणणारी. तिच्यावर का रागावलीस? अगं, काहींना आवडल्याचं सांगायला किमतीचीच भाषा येते. त्यांच्याकडून तेच मोठं कौतुक. त्यावर लगेच धंद्याचा हिशेब मांडायला बसू नकोस आणि तोंडही वाकडं करू नकोस. माझी एक गोधडी एका दुकानदारानं दहा मिनिटं हात फिरवून फिरवून वाखाणली होती आणि शेवटी भाव सांगितला मशिनवर मारलेल्या रजईचा. मी घडी घातली आणि बसनं घरी आले. महिनाभराच्या संध्याकाळी गेल्या होत्या तिच्यात. त्या पैशांत मुलाची सहामाही फी भागली असती, हे आमच्या ह्यांनी पुढं बरीच वर्षं ऐकवलं. ऐकवू देत. ती गोधडी अजून आहे, मुलगाही शिकला.

आणि कुणी नुसतं "बरी झालीय" म्हणालं, तर वाईट वाटून घेऊ नकोस. पेठेत "बरी" मिळवायला जन्म जातो.

परवा भाचीनं मोबाइलवर दाखवलं. अमेरिकेत अलाबामामध्ये गीज बेंड म्हणून नदीच्या वळणावर गाव आहे. तिथल्या काळ्या बायका घरच्यांच्या विटलेल्या कामाच्या पँटी, शर्ट, पीठाच्या पिशव्या जोडून थंडीसाठी गोधड्या शिवायच्या. त्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतींवर लागल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. गुडघ्याला झिजलेल्या पँटीचा फिका ठिगळ तसाच्या तसा दिसत होता. भाची म्हणाली, बघ किती कौतुक झालं. मी विचारलं, शिवणाऱ्या सगळ्या होत्या का ऐकायला? तर त्यातल्या कितीतरी आधीच गेलेल्या. म्हणजे तिकडंही तेच. लोक बोलायला लागेपर्यंत ऐकणारी नाही. तुझ्यासमोर तर बाई बसून बोलत होती, तुझ्या हातात हात देण्याइतक्या अंतरावर!

एवढं सगळं लिहून झालं आणि आत्ता आठवलं. परवाच शेजारची म्हणाली, "काकू, तुमच्या गोधडीशिवाय आमचा नातू..." आणि मी म्हटलं, "डोळे गेले गं आता, टाके मोठे पडतात." नातू काय? झोपत नाही? की लाथाडून देतो? संध्याकाळी जाऊन विचारते. मला जिना चढायचाय फक्त, तुला कर्वेनगरला जावं लागेल. पणजींचं वय पंच्याऐंशीच्या पुढं म्हणालीस, तेव्हा पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस. सरळ विचार, "आजी, त्या दिवशी मी मधेच बोलले, तुम्ही काय म्हणत होतात?" त्यांना आठवत नसेल तर दुपटं पुन्हा त्यांच्या हातात दे, उलटं करून.

रविवारी ये. येताना रविवार पेठेतून गोधडीचा जाड दोरा आण, पांढरा नको, तांबडा. आणि त्या काय म्हणाल्या ते फोनवर सांगू नकोस, इथं बसून सांग.

तुझी,
काकू