वाचक विचारतात: मीठ, सोडा, पपई आणि मांसाला सुटणारं पाणी

मांस वातड झालं, कोरडं पडलं, खिम्याचे गोळे फुटले. या वेळच्या तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी बहुतेकींचं मूळ एकच आहे. मांसात जवळपास पाऊण हिस्सा पाणी असतं आणि ते प्रथिनांच्या तंतूंमध्ये अडकलेलं असतं. साधारण ५० अंश सेल्सिअसला मायोसिन हे प्रथिन साकळू लागतं. ६० अंशांच्या पुढे तंतूंभोवतीचं कोलॅजन या चिवट प्रथिनाचं आवरण आकसतं आणि पाणी बाहेर ढकलतं. ७०च्या आसपास तंतूंमधलं ॲक्टिन हे दुसरं प्रथिनही घट्ट होतं आणि घास कोरडा लागतो. वरून घातलेले बरेचसे जिन्नस या टप्प्यांत कुठे ना कुठे ढवळाढवळ करतात.

प्रश्न: मीठ आधी लावलं की मांसाला पाणी सुटतं, म्हणून ते शेवटी घालावं असं सांगतात. खरं काय?

पाणी सुटतं हे खरं, पण ते तसंच बाहेर राहत नाही. मीठ लावल्यावर पहिली दहा-वीस मिनिटं पृष्ठभागावर पाणी जमतं. त्यात मीठ विरघळतं आणि पाऊण-एक तासात त्यातलं बरंचसं खारं पाणी परत आत शिरतं. आत गेलेलं मीठ मायोसिनच्या तंतूंना एकमेकांपासून दूर लोटतं. तंतू फुगतात, काही मायोसिन विरघळतंही. असं मांस तापवलं की आकसतं कमी आणि पाणीही कमी सोडतं.

म्हणून मीठ एकतर तव्यावर टाकण्याच्या क्षणी लावा, नाहीतर किमान तासभर आधी. मधली वेळ सगळ्यात वाईट, कारण तेव्हा पृष्ठभाग ओलाचिंब असतो. सगळी आच ते पाणी उडवण्यात जाते आणि मांस खरपूस होण्याऐवजी वाफेवर शिजतं. दोन-तीन सेंटिमीटर जाडीचे तुकडे असतील तर मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. प्रमाण बिनहाडाच्या मांसाच्या वजनाच्या दीड टक्का, म्हणजे किलोला १५ ग्रॅम. बारीक मिठाचे साधारण अडीच सपाट छोटे चमचे होतात. मसाल्यात किंवा रश्श्यात वेगळं मीठ पडणार असेल तर ते यातूनच वजा करा.

प्रश्न: खिम्याचे गोळे कधी रबरासारखे होतात, कधी तेलात सोडताच फुटतात. कृती तीच असते. चूक कुठे होते?

मीठ कधी पडलं आणि त्यानंतर खिमा किती मळला गेला, हे तपासा. खिम्यात तंतू कापले गेलेले असतात, त्यामुळे मिठाला मायोसिन बाहेर काढणं सोपं जातं. हे विरघळलेलं मायोसिन चिकट असतं आणि तापल्यावर त्याचं जाळं बनून सगळा गोळा बांधला जातो. मीठ घालून दहा मिनिटं मळलात तर जाळं भक्कम होतं, म्हणजेच रबर. मीठ न घालता नुसता हलक्या हाताने कालवलात तर जाळंच होत नाही आणि गोळा फुटतो.

मऊ, मोकळी टिक्की हवी असेल तर मीठ खिम्यात मिसळू नका. टिक्की वळा आणि तव्यावर टाकताना वरून मीठ भुरभुरा. सळईवर लावायचा किंवा रश्श्यात सोडायचा खिमा मात्र बांधलेलाच हवा. त्यासाठी ५०० ग्रॅमला ८ ग्रॅम मीठ घालून तीन-चार मिनिटं मळा. तळहाताला चिकटलेला खिमा हात उलटा केल्यावर पडला नाही की थांबा. खिमा या सगळ्या वेळात गार हवा. हाताच्या उबेने चरबी वितळून तंतूंवर माखली की मायोसिनला एकमेकांना धरता येत नाही, मग शिजताना चरबी वेगळी गळते आणि उरतो तो भुसभुशीत गोळा. खिमा आणि भांडं दोन्ही आधी फ्रिजमध्ये ठेवा.

कांदा हेही फुटण्याचं नेहमीचं कारण. किसलेला कांदा पिळून घ्या.

बांधलेला तरीही मऊ गोळा हवा असेल तर ५०० ग्रॅम खिम्याला ५० ग्रॅम पावाचा चुरा ६०-७० मिलिलिटर दुधात भिजवून घाला. फुगलेला स्टार्च प्रथिनांच्या मधेमधे बसतो. तो पाणी धरतो आणि जाळं फार घट्ट विणलं जाऊ देत नाही. कोरडा चुरा घालू नका, तो मांसातलंच पाणी ओढतो. एवढ्या खिम्याला एक अंडं पुरे. अंड्याची प्रथिनंही तापून घट्ट होतात, त्यामुळे ‘फुटू नये म्हणून’ दोन-तीन अंडी फोडली की गोळा टणक होतो. हा उपायही चुकीचाच, कारण अशा वेळी बहुधा कमी पडलेलं असतं ते मीठ किंवा मळणं. सगळे गोळे वळण्याआधी एक लहानशी टिक्की भाजून पाहावी, मीठही कळतं आणि बांधणीही.

प्रश्न: चिकनच्या पट्ट्यांना खाण्याचा सोडा लावल्यावर त्या मऊ झाल्या, पण साबणासारखी चव आली. शिवाय शिजल्यावरही आत गुलाबी राहिल्या. कच्च्या होत्या का?

आधी सोड्याचं. मांसाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ ते ५.८ असतो. प्रथिनं सगळ्यात कमी पाणी धरतात तो सामू याच्या थोडाच खाली, ५च्या जवळपास आहे. सोडा सामू वर नेतो, प्रथिनांवरचा ऋण विद्युतभार वाढतो, ती एकमेकांपासून दूर राहतात आणि तापल्यावरही घट्ट बिलगत नाहीत. साबणाची चव म्हणजे सोडा जास्त झाला किंवा नीट धुतला गेला नाही. ५०० ग्रॅम पट्ट्यांना अर्धा छोटा चमचा सोडा दोन-तीन चमचे पाण्यात विरघळवून चोळा, १५-२० मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा आणि कापडाने कोरडं करा. खिमा धुता येत नाही, तिथे पाव चमच्याच्या वर जाऊ नका. सोड्याबरोबर लिंबू किंवा दही लावू नका, दोन्ही एकमेकांना मारतात. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे ती सोड्याची जागा घेत नाही.

गुलाबी रंगाचं म्हणाल तर तो मायोग्लोबिनचा, म्हणजे मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाचा. सामू वाढला की मायोग्लोबिन उष्णतेला जास्त तग धरतं आणि पूर्ण शिजलेलं मांसही आतून गुलाबी दिसू शकतं. उलटही होतं, काही खिमा पुरेसा तापण्याआधीच तपकिरी पडतो. म्हणून रंगावर भिस्त ठेवू नये. थर्मामीटरचं टोक सगळ्यात जाड भागाच्या मध्यात खुपसा. चिकन ७४ अंश आणि मटण-बीफचा खिमा ७१ अंश दाखवत असेल तर तो शिजला. तुमच्या पट्ट्या कच्च्या होत्या की नाही, हे आता नुसत्या रंगावरून सांगता येणार नाही.

प्रश्न: कच्च्या पपईने मटणाचा लगदा झाला. पुढच्या वेळी वेळ कमी करू की पपई?

दोन्ही, आणि आचेकडेही बघा. पपईतलं पपेन हे विकर म्हणजे एन्झाइम आहे. ते प्रथिनांच्या साखळ्याच तोडतं आणि तुटलेल्या साखळ्यांना पाणी धरता येत नाही. फ्रिजमध्ये ते सावकाश चालतं. त्याचा खरा जोर मांस तापताना, ६० ते ७० अंशांच्या दरम्यान असतो, आणि ८०च्या पुढे ते निकामी होतं. म्हणजे मंद आचेवर हळूहळू तापवलेलं मटण या टापूत बराच वेळ राहतं आणि मसाल्यात मुरताना झालं नसेल तेवढं नुकसान तिथे होतं. किलोभर मटणाला सालासकट वाटलेल्या कच्च्या पपईचे दोन छोटे चमचे आणि एक तास पुरे. नंतर मोठ्या आचेवर शिजवा. पपेनचा रेणू मोठा, तो जेमतेम काही मिलिमीटर आत जातो. त्यामुळे जाड तुकड्याचा बाहेरचा थर पिठूळ आणि आतला गाभा वातड असं होऊ शकतं. अशा मटणाला खरं तर पपईची नाही, दोन तास मंद शिजण्याची गरज असते.

अननस आणि आलं यांतही अशी विकरं असतात. डबाबंद अननसात मात्र नाहीत, डबा भरताना दिलेल्या उष्णतेने ती मरतात.

प्रश्न: लिंबू लावून रात्रभर ठेवलेलं चिकन कोरडं का झालं?

लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५. एवढं आम्ल बाहेरच्या थरातली प्रथिनं न तापवताच उलगडून साकळवतं. चिकन वरून पांढरं दिसतं ते याचमुळे. त्याच्या आतल्या थरात आम्ल पातळ होऊन सामू ५च्या आसपास येतो, म्हणजे नेमका पाणी कमीत कमी धरण्याच्या जागी. त्यावर आच लागली की कोरडेपणा ठरलेला. लिंबू अर्ध्या तासाच्या वर नको. दही सौम्य, ते रात्रभर चालतं. घट्ट कोलॅजन असलेलं मांस पाण्यात तासन्‌तास शिजणार असेल तर तिथे आंबटपणा उपयोगीच पडतो, कोलॅजन लवकर विरघळतं. पण त्याच भांड्यात बटाटे असतील तर ते आधी शिजू द्या, आंबटात ते टणक राहतात.

प्रश्न: तेल आणि साखरेचा प्रथिनांवर काय परिणाम होतो?

तेलाचा काहीच नाही. ते मसाल्याचा स्वाद वाहून नेतं आणि तव्याची उष्णता मांसाला सारखी पोचवतं, इतकंच. साखर प्रथिनं साकळण्याचं तापमान किंचित वर नेते, पण घरगुती प्रमाणात ते जाणवत नाही. जाणवतं ते करपणं. मध किंवा साखर असलेला लेप शेवटच्या पाच मिनिटांतच लावा.

प्रश्न: गोठवलेल्या चिकनच्या पाकिटावर ‘फॉस्फेट’ लिहिलं होतं. ते मिठाच्या पाण्यात भिजवावं का?

नको. फॉस्फेट सामू थोडा वाढवतं आणि ॲक्टिन-मायोसिनची जोडी सोडवतं, त्यामुळे तंतू जास्त पाणी धरतात. अशा चिकनमध्ये बहुधा खारं पाणी आधीच टोचलेलं असतं. पुन्हा भिजवलंत तर ते खारट होईल आणि हॅमसारखं घट्ट, लवचीक लागेल. फ्रिजमध्ये वितळू द्या, कोरडं पुसा आणि मीठ चवीपुरतं शेवटी घाला.