बारावीला डी मॉर्गनचे नियम आहेत, पण हा डी मॉर्गन नक्की कोण होता? तो भारतीय होता असं वाचलं, खरं आहे का?

'मदुराईत जन्मलेला भारतीय गणितज्ञ' हे फॉरवर्ड मलाही आलंय, त्यामुळे आधी तेवढं उरकून टाकतो. ऑगस्टस डी मॉर्गन २७ जून १८०६ ला मदुराईत जन्मला हे खरं आहे. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात होते. पण पोरगं सात महिन्यांचं असताना घरचे त्याला घेऊन इंग्लंडला गेले आणि तो परत कधी इकडे आला नाही. उजवा डोळा मात्र जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेला तो कायमचा. शाळेत एक कार्टं मुद्दाम त्याच्या आंधळ्या बाजूने हळूच येऊन गालाला चाकू लावायचं, याने एक दिवस त्याला पकडून चांगलाच बडवला. तर भारतीय वगैरे काही नाही, इंग्रजच. भारताशी त्याचा खरा संबंध वेगळाच आहे, तो खाली सांगतो.

आता ते नियम. मी डिप्लोमाच्या पोरांना डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, 'ब्रेक द लाईन, चेंज द साईन' ही नियम लक्षात ठेवायची ओळ म्हणत म्हणत दरवर्षी हेच चालू असतं, आणि पोरांना वाटतं हा कोणी नँड गेट नॉर गेटवाला (गेट म्हणजे हो-नाही ठरवणारं छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट) इंजिनिअर असणार. तेव्हा गेट कुठली आलीयत! नियम एवढाच, की 'चहा आणि पोहे दोन्ही मिळाले' हे खोटं असेल तर चहा तरी मिळाला नाही किंवा पोहे तरी मिळाले नाहीत. आणि 'चहा किंवा पोहे मिळाले' हे खोटं असेल तर दोन्हीच्या नावाने बोंब. ही गोष्ट चौदाव्या शतकातल्या ओकम नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञालाही माहीत होती. डी मॉर्गनने ती त्याच्या नव्या तर्कशास्त्रात नेमक्या शब्दांत मांडली म्हणून नाव त्याचं लागलं. खरं काम त्याहून मोठं होतं, अॅरिस्टॉटलपासून चालत आलेलं तर्कशास्त्र गणितासारखं मांडता येईल हे दाखवणं. त्याचं 'फॉर्मल लॉजिक' १८४७ ला आलं, त्याच वर्षी जॉर्ज बूल या गणितज्ञाचं तर्कशास्त्रावरचं पुस्तकही आलं. त्याच सुमारास एडिनबराच्या विल्यम हॅमिल्टन या तत्त्वज्ञाने याच्यावर कल्पना चोरल्याचा आरोप केला आणि बरीच वर्षं भांडण चाललं. (डब्लिनचा, क्वाटर्नियन नावाच्या चार घटकांच्या संख्या शोधणारा गणितज्ञ हॅमिल्टन वेगळा, तो याचा दोस्त. दोघांचंही नाव सर विल्यम हॅमिल्टन असल्यामुळे नेटवर अर्ध्या लोकांचा घोळ झालेला आहे.)

पण मला विचाराल तर हा माणूस लक्षात ठेवायचा तो त्याच्या राजीनाम्यांसाठी.

केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात होता, बासरी वाजवायचा, अभ्यासाबाहेरचंच जास्त वाचायचा, तरी १८२७ ला चौथा रँग्लर आला, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात चौथा. आपल्याकडे रँग्लर म्हटलं की परांजपे आठवतात, तीच परीक्षा, ते १८९९ ला पहिले आले होते. तर चौथा आल्यावर फेलोशिप मिळायला हरकत नव्हती, पण एम. ए. घ्यायला तेव्हा चर्च ऑफ इंग्लंड मानतो अशी सही करावी लागायची. आईला तर मुलगा पाद्री व्हायला हवा होता. याने सही केली नाही. झालं, केंब्रिज संपलं, हा वकिली शिकायला लंडनला गेला. नेमकं तेव्हाच लंडनमध्ये धर्म न विचारता प्रवेश देणारं नवीन विद्यापीठ निघत होतं, म्हणजे आजचं युनिव्हर्सिटी कॉलेज. याने अर्ज केला आणि १८२८ ला वयाच्या एकविसाव्या वर्षी गणिताचा पहिला प्रोफेसर झाला, तोवर नावावर धड काही छापलेलं नसताना!

तीन वर्षांत पहिला राजीनामा. कॉलेजने शरीरशास्त्राच्या प्रोफेसरला दोष सिद्ध न करता काढून टाकलं, तेव्हा हा म्हणाला की असं कोणालाही काढता येणार असेल तर इथे कुठल्याच प्रोफेसरला किंमत नाही. गणिताचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. १८३६ ला त्याच्या जागी आलेला माणूस बुडून मेला, मग परत बोलावलं, हा परत आला आणि पुढे तीस वर्षं शिकवलं. १८६६ ला जेम्स मार्टिनो नावाचे युनिटेरियन या चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथाचे धर्मगुरू तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्जात होते, आणि कॉलेजने त्यांचा पंथ आड आणून त्यांना घेतलं नाही. डी मॉर्गन स्वतः कुठल्याच पंथाचा नव्हता. पण ज्या एका गोष्टीसाठी आपण इथे आलो तीच गेली म्हटल्यावर साठीला आलेल्या माणसाने पुन्हा राजीनामा लिहिला. जुने विद्यार्थी पेन्शनच्या खटपटीला लागले, वर्षाला ५०० पौंडांची सोय झाली. कॉलेजात लावायला त्याचं चित्र किंवा पुतळा करू या म्हणाले तर याने नाही म्हटलं, आपलं ते कॉलेज आता राहिलेलंच नाही म्हणून.

रॉयल सोसायटीत कधी गेला नाही, एडिनबराची मानद पदवी नाकारली, आयुष्यात मत दिलं नाही. शेवटचं मला पटत नाही, पण माणूस एकूणच तसा होता.

शिक्षक म्हणून मात्र जबरदस्त. पाठ करून पेपर लिहिणाऱ्यांचा त्याला राग यायचा. जिला पहिली कॉम्प्युटर प्रोग्रॅमर म्हणतात त्या एडा लव्हलेसला त्याने १८४० च्या सुमारास पत्रांतून कॅल्क्युलस शिकवलं. तिच्या आईला कळवलं की हिच्यात पहिल्या दर्जाची संशोधक होण्याची ताकद आहे, आणि त्याच पत्रात बाईमाणसाच्या शरीराला एवढा ताण झेपणार नाही अशी काळजीही केली! एवढा मोकळ्या डोक्याचा माणूस, पण तिथे गाडी अडली. ऑक्टोबर १८५२ ला फ्रेडरिक गथ्री नावाचा विद्यार्थी त्याच्याकडे भावाचा प्रश्न घेऊन आला, की कुठलाही नकाशा चार रंगांत भागतो का, शेजारचे दोन भाग एका रंगात न येता. याला उत्तर येईना, त्याच दिवशी डब्लिनच्या हॅमिल्टनला पत्र टाकलं, त्यानेही लक्ष घातलं नाही. सुटायला १९७६ उजाडलं आणि कॉम्प्युटर लागला.

आता भारताचं. दिल्ली कॉलेजात मास्टर रामचंद्र म्हणून गणिताचे शिक्षक होते. त्यांनी १८५० ला कलकत्त्यात पदरच्या पैशाने एक पुस्तक छापलं, कमाल आणि किमान किंमती कॅल्क्युलस न वापरता निव्वळ बीजगणिताने काढायच्या. आयडिया दहावीच्या पोरालाही कळेल. समजा १० चे दोन भाग करायचेत आणि गुणाकार जास्तीत जास्त हवाय. एक भाग क्ष, गुणाकार ग. म्हणजे क्ष(१० − क्ष) = ग, वर्गसमीकरण झालं. क्ष खरी संख्या असायला विवेचक ऋण चालणार नाही, म्हणजे १०० − ४ग शून्याच्या खाली जायला नको, म्हणून ग जास्तीत जास्त २५ आणि क्ष = ५. डेरिव्हेटिव्हचं नाव नाही! अशी गणितं लावत ते बरंच लांब गेले. कलकत्त्यात टीकाच झाली. पण कलकत्त्यातले इंग्रज अधिकारी बेथून साहेब यांनी प्रती डी मॉर्गनकडे पाठवल्या आणि हा पेटला, कंपनीच्या डायरेक्टरांच्या मागे लागला, रामचंद्रांना खिलत (मानाचा पोशाख) आणि २००० रुपये मिळाले, आणि १८५९ ला ते पुस्तक लंडनमध्ये याच्या लांबलचक प्रस्तावनेसह निघालं. प्रस्तावनेत 'हिंदू मन', 'ग्रीक मन' असली त्या काळची भाषा आहे, ती वाचताना खटकते. पण १८५७ नंतर दोनच वर्षांनी, इंग्लंडमध्ये भारताबद्दल कोणी चांगलं बोलायला तयार नसताना, दिल्लीतल्या मास्तरासाठी हा माणूस एवढा खपला हे मला जन्मगावापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

बाकी किरकोळ बरंच आहे. 'पेनी सायक्लोपीडिया' या ज्ञानकोशात सातशेच्या वर लेख लिहिले, सिद्धतेच्या एका पद्धतीचं 'मॅथेमॅटिकल इंडक्शन' हे नाव त्यातूनच रूढ झालं. इंग्लंडचे पैसे दशमान करा म्हणून वर्षानुवर्षं बोंबलला, ते केले १९७१ ला, म्हणजे तो जाऊन शंभर वर्षं होत आल्यावर. वय विचारलं की सांगायचा, क्ष वर्गाच्या साली मी क्ष वर्षांचा होतो (१८४९ ला ४३). तुमच्या ओळखीत १९८० चं कोणी असेल तर त्यांनाही हे जमतं, २०२५ ला ४५.

शेवट वाईट झाला. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटी १८६५ ला त्याचा मुलगा जॉर्ज आणि त्याच्या मित्राच्या डोक्यातून निघाली, बाप पहिला अध्यक्ष. दोन वर्षांत जॉर्ज गेला, मागून एक मुलगीही गेली. १८ मार्च १८७१ ला हा गेला. दुसरा मुलगा विल्यम हा टाइल्सवाला डी मॉर्गन, कलेच्या लोकांत बापापेक्षा त्याचंच नाव जास्त.

वाचायचंच असेल तर बायकोने तो गेल्यावर १८७२ ला छापलेलं 'अ बजेट ऑफ पॅराडॉक्सेस' घ्या, नेटवर फुकट आहे. वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस काढून दाखवतो म्हणणारे, न्यूटनला खोटं पाडणारे, असले सगळे नग त्यात जमा केलेत. इंग्रजी जुनं आहे, सुरुवातीला जड जातं. लिव्हरपूलचा व्यापारी जेम्स स्मिथ, जो पायची किंमत बरोब्बर ३ पूर्णांक १/८ आहे म्हणून याच्या हात धुऊन मागे लागला होता, तो भाग आधी काढा.