पुण्यात उपाशी राहू नकोस

प्रिय पोरी,

रात्रीचं जेवण टाळून तू चहा-बिस्किटावर भागवतेस, हे तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. सदाशिव पेठेत कॉटचं भाडं, क्लास आणि अभ्यासिकेचे पैसे भरले की पहिली कात्री पोटाला लागते. ही काटकसर आजपासून बंद कर.

आधी रेशनचं बघ. कार्ड गावच्या दुकानाचं, म्हणजे पुण्यात त्याचा उपयोग नाही असं तू धरून चालली असशील. तसं नाही. ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे इथल्या रास्त भाव दुकानातही धान्य मिळतं. कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचं हवं, त्यात तुझं नाव हवं, आधार जोडलेला आणि ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, झालेली हवी. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, जानेवारी 2023 पासून तेही मोफत. दुकानातल्या मशीनवर अंगठा लाव आणि पावती मागून घे. मात्र घरी बोलून ठरव, कारण तू इथे उचललेलं धान्य तुमच्याच कोट्यातून वजा होतं. उरलेलं आई गावी घेऊ शकते. दुकानदार ‘बाहेरचं कार्ड चालत नाही’ म्हणाला तर हुज्जत घालू नकोस, 1967 या हेल्पलाइन नंबरवर तक्रार कर. 2013च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हा हक्क आहे. याच शहरात माधुकरी मागून, वार लावून कितीतरी मुलं शिकली. तुला तर कुणाच्या दारात उभंही राहायचं नाही, मग संकोच कसला?

दुपारी शिवभोजन केंद्रावर 10 रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात मिळतो. काही केंद्रं बंद पडली आहेत, तेव्हा आधी चौकशी करून जा. हमाल पंचायतीचं ‘कष्टाची भाकर’ही आहे. हमाल-कष्टकऱ्यांसाठी ना नफा ना तोटा तत्त्वावर सुरू झालेलं, पण तिथे कुणीही जेवू शकतं. मला ते फार आवडतं. मेस लावलीस तर खाडे धरतात का, हे पैसे देण्याआधी विचार.

एम.ए.ला प्रवेश आहे आणि सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, तर निर्वाहासाठी योजना आहेत: अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयं, ओबीसी-भटक्यांसाठी सावित्रीबाई फुले आधार. पुण्यासाठी वर्षाला 60,000 रुपये, त्यातले 32,000 जेवणाचे. गुणांची आणि उत्पन्नाची अट नीट वाच. पैसे हप्त्याने येतात, म्हणून त्यांच्या भरवशावर या महिन्याची मेस ठरवू नकोस. रूमवरच्या मुलींनाही हे सांग.

भाजी मंडईतून संध्याकाळी उशिरा घे. माल संपवायचा असतो, वाट्यावर स्वस्त मिळते. शेंगदाणे, हरभरे, मटकी आणि गूळ खोलीवर कायम असू दे. मोड आणायला गॅस लागत नाही. मालकीण हो म्हणाली तर तिघीत मिळून एक इलेक्ट्रिक कुकर घ्या. रेशनचा तांदूळ, मूठभर मूगडाळ, एक कांदा, एवढ्यात रात्रीची खिचडी होते.

रविवारी घरी फोन करशील तेव्हा कार्डाचा बारा अंकी नंबर लिहून घे आणि तुझी ई-केवायसी झाली आहे का, ते आईला दुकानात विचारायला सांग. झाली नसेल तर पुण्यातल्याच रेशन दुकानात करून घे.

तुझ्या,
बाई