तंतूंचा पेपर आणि गारमेंटचा पेपर एकत्र कसा अभ्यासावा?

प्रश्न असा आहे: टेक्स्टाईल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर कोल्हापुरात. तंतूंचा पेपर म्हणजे नुसती आकड्यांची घोकंपट्टी वाटते आणि गारमेंटचा पेपर म्हणजे शिवणकाम. अभ्यास कसा करायचा, आणि सुट्टीत जवळपास काय बघून यायचं?

हे दोन पेपर वेगळे आहेत हेच आधी डोक्यातून काढून टाका. शिवणीच्या लाईनवर दिसणारे कितीतरी दोष शिवणाऱ्या बाईच्या हातून झालेलेच नसतात. ते कापडातून, सुतातून, कधी थेट तंतूतून आलेले असतात. हे एकदा पटलं की पाठ करायला फार थोडं उरतं.

सुरुवात मॉइश्चर रिगेनपासून करा, म्हणजे सुका तंतू हवेतून आपल्या वजनाच्या किती टक्के ओलावा घेतो त्यापासून. कापूस ८.५ टक्के, रेशीम ११, व्हिस्कोस ११ ते १३, लोकर १६च्या आसपास, नायलॉन ४ ते ४.५ आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४. ८.५ म्हणजे काय? पूर्ण सुकवलेला १०० किलो कापूस २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवला तर तो १०८.५ किलो भरतो. आपल्याकडे श्रावणात हवा त्याहून ओली असते, म्हणून तेच सूत काट्यावर जास्त भरतं. सुताचा व्यवहार वजनावर चालतो, तेव्हा हा आकडा सरळ पैशाचा आहे. कापूस ओला झाला की बळकट होतो, व्हिस्कोस मात्र ओला झाला की जवळजवळ निम्मी ताकद गमावतो. मागाच्या शेडमध्ये आर्द्रता ७५ ते ८० टक्के ठेवतात ती याचसाठी: कापसाचं सूत आणि त्यावरची खळ लवचीक राहते, ताण्याचे, म्हणजे कापडाच्या लांबीचे उभे, धागे कमी तुटतात. पॉलिएस्टर पाणीच घेत नाही, त्यामुळे कोरड्या हवेत त्यावर स्थिर वीज साठते. कटिंग टेबलावर थर एकमेकांना चिकटतात आणि लेची, म्हणजे कापण्यासाठी एकावर एक पसरलेल्या थरांच्या गठ्ठ्याची, कड सरळ लागत नाही. तंतूंच्या पेपरातला ०.४ कटिंगमध्ये असा भेटतो.

तंतू ओळखायला जाळून बघण्याची चाचणी घरीही करता येते. अंगातल्या शर्टाच्या आतल्या शिलाईच्या मार्जिनमधून ताण्याचा एक धागा ओढून काढा, पीळ उलटा फिरवून मोकळा करा, चिमट्यात धरा आणि ज्योतीच्या बाजूने हळूहळू जवळ न्या. ज्योतीत एकदम खुपसू नका. जवळ नेताना तो आक्रसतो का, हेच आधी बघायचं असतं. आक्रसून वितळला, काळा धूर आला, टोकाला नखाने न फुटणारा कडक मणी राहिला तर पॉलिएस्टर. न आक्रसता भसकन पेटला, कागद जळल्याचा वास आला, करडी मऊ राख राहिली तर कापूस किंवा व्हिस्कोस. केस जळल्याचा वास आणि चुरडला जाणारा काळा गोळा म्हणजे लोकर किंवा रेशीम. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा वेगळा जाळा, कारण ताणा एकाचा आणि बाणा दुसऱ्याचा हे कापडात सर्रास असतं. मिश्र सुतात मात्र ही चाचणी फसते: कापसाची राख आणि पॉलिएस्टरचा मणी एकत्र येतात, प्रमाण काही कळत नाही.

प्रमाणासाठी प्रयोगशाळाच हवी. पॉलिएस्टर-कॉटनचा साधारण १ ग्रॅम नमुना १०५ अंशावर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा आणि ७५ टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये, ग्रॅमला २०० मिली या हिशेबाने, ५० अंशावर तासभर ठेवा. कापूस विरघळतो, पॉलिएस्टर उरतो. तो धुवा, पातळ अमोनियाने उरलेलं ॲसिड मारा, पुन्हा धुवा, सुकवा आणि वजन करा. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सुरुवातीचं वजन न सुकवता घेणं. मग कापसातलं पाणी कापसाच्याच खात्यात जातं आणि पॉलिएस्टर असतो त्यापेक्षा कमी दिसतो. ॲसिडचं काम शिक्षक हजर असतानाच करा. आणि पातळ करताना ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही.

नंबराचं गणित एकदाच नीट समजून घ्या. इंग्लिश कॉटन काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात ते, म्हणून नंबर वाढला की सूत बारीक होतं. टेक्स म्हणजे १००० मीटरचे ग्रॅम, डेनियर म्हणजे ९००० मीटरचे. ५९०.५ ला काउंटने भागलं की टेक्स मिळतो. यावरून कापडाचं वजन कागदावरच काढता येतं. दोन्ही बाजूंनी ४० नंबर, इंचात ताण्याचे १३२ आणि बाण्याचे ७२ धागे असं शर्टिंग घ्या. १३२ भागिले ४० म्हणजे ३.३, ७२ भागिले ४० म्हणजे १.८, बेरीज ५.१. त्याला २३.२५ ने गुणा (इंच आणि काउंटवरून मीटर आणि ग्रॅमवर येण्याचा हा आकडा): चौरस मीटरला सुमारे ११८.६ ग्रॅम. धाग्याच्या वळणासाठी, म्हणजे क्रिम्पसाठी, साधारण ५ टक्के वाढवा, १२४.५ होतात. आता १०० चौरस सेंटिमीटरच्या गोल कटरने तुकडा कापून वजन करा, १.२४ ते १.२५ ग्रॅम यायला हवं. १.३५ आलं तर बहुधा ते ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं आणि अजून न धुतलेलं, कापड आहे आणि खळ अजून अंगात आहे. असं पाच-सहा कापडांवर करून बघा, सूत्र आपोआप बसेल.

गारमेंटमध्ये माझ्या मते सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं ते आटण्याकडे. कापडावर ५० सेंमी बाय ५० सेंमीचा चौकोन आखा, धुवा, वाळवा, मोजा. ५० चे ४६ झाले तर आटणं ८ टक्के. आता ७६ सेंमी लांबीचा शर्ट हवा असेल तर बरेच विद्यार्थी ७६ वर ८ टक्के चढवतात आणि ८२.१ चा पॅटर्न काढतात. तो धुतल्यावर ७५.५ होतो, अर्धा सेंमी आखूड. बरोबर रीत म्हणजे ७६ ला ०.९२ ने भागणं, पॅटर्न ८२.६ चा येतो. निटेड कापडाचा गठ्ठा उलगडून कापण्याआधी किमान २४ तास सैल पसरून ठेवतात तेही याचसाठी. गुंडाळताना ओढलं गेलेलं कापड टेबलावर सावकाश मूळ मापावर येतं. घाई केली तर ते कापल्यानंतर येतं, आणि मग कुठलीच बाही दुसऱ्या बाहीशी जुळत नाही.

आता पकरिंग, म्हणजे शिलाईलगतच्या चुण्या. यावर थोडं थांबतो, कारण परीक्षेत ‘धाग्याचा ताण जास्त’ एवढंच लिहून सोडून देतात. कारणं चार आहेत आणि ती टेबलावरच वेगळी काढता येतात. पहिलं, चुण्या पडलेल्या जागी वरचा धागा दोन-तीन टाक्यांमध्ये कापा. कापड लगेच सपाट झालं तर दोष ताणाचा. वरचा ताण सैल करा, बॉबिन केसही तपासा. दुसरं, एकच थर शिवून बघा. एकाच थरालाही चुण्या आल्या आणि ताण ठीक असेल, तर दाट विणीत शिलाईच्या धाग्याला जागाच नाही. अशा वेळी सुई ९ किंवा १० नंबरची लावा, धागा बारीक घ्या, इंचातले टाके कमी करा, जमेल तिथे शिलाई किंचित तिरकी न्या. बारीक सुताच्या दाट पॉपलिनला हा त्रास ठरलेला. तिसरं, एका थराला चुण्या नाहीत पण दोन थरांना आहेत, तर फीड डॉग, म्हणजे कापड पुढे सरकवणारे खालचे दाते, खालचा थर जास्त ओढतोय. दोन्ही थरांवर ५० सेंमीची खूण करून शिवा, खुणा किती सरकल्या तेवढा फरक. प्रेसर फूटचा, म्हणजे कापड वरून दाबून धरणाऱ्या पायाचा, दाब कमी करा. चौथं कारण धुतल्यावरच कळतं: कापड, शिलाईचा धागा आणि इंटरलायनिंग (कॉलरसारख्या भागात आतून लावलेलं कडक अस्तर) वेगवेगळे आटले. कॉलरवर बुडबुडे दिसतात तेव्हा हे तपासाच, सोबत फ्यूजिंगचं, म्हणजे ते अस्तर उष्णतेने चिकटवण्याचं, तापमान, दाब आणि वेळ हे तिन्ही बघा. नुसतं तापमान चढवून बरेचदा काही साधत नाही.

पॉलिएस्टर शिवताना मशीन थांबलं की धागा तुटतो, हीसुद्धा तंतूचीच गोष्ट. वेगात सुई ३०० अंशांपर्यंत तापू शकते आणि पॉलिएस्टर २५५ ते २६० ला वितळतो. चालू असताना सरकत्या धाग्याने सुई थोडी थंड राहते. थांबलं की तोच धागा गरम सुईत अडकून वितळतो. वेग कमी करा, धाग्याला सिलिकॉनचं फिनिश बघा, सुईवर हवेचा झोत द्या.

लाईन बॅलन्सिंगचं, म्हणजे शिवणीच्या लाईनवर कामं माणसांत समान वाटण्याचं, एक उदाहरण पुरेसं आहे. शर्टचा एसएएम, म्हणजे एक शर्ट शिवायला लागणारा प्रमाणित वेळ, २० मिनिटं, माणसं ३०, पाळी ४८० मिनिटांची. एकूण १४,४०० मिनिटं. ६० टक्के कार्यक्षमतेने ८,६४० उपयोगी, म्हणजे ४३२ शर्ट. पिच टाइम, म्हणजे प्रत्येक माणसाच्या वाट्याला येणारा वेळ, २० भागिले ३०, ०.६७ मिनिट. कॉलर बसवायला १.६ मिनिटं लागत असतील तर त्या कामाला २.४ माणसं हवीत. दोनच दिली तर तिथे दर ०.८ मिनिटाला एक शर्ट निघतो, आणि पूर्ण कार्यक्षमतेनेही दिवसाला ७२० ऐवजी ६०० च होतात. बाकीचे कितीही वेगाने शिवोत, बंडलं कॉलरपाशी साचत राहणार.

सुट्टीत काय बघायचं याबाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. राजर्षी शाहूंनी १९०६ मध्ये कोल्हापुरात शाहू मिल काढली. इचलकरंजीत १९०४ पासून यंत्रमाग आहेत, आणि आज तिथे सायझिंग (सुताला खळ लावणं), माग, प्रोसेस हाऊस (कापड धुणं-रंगवणं) आणि गारमेंट युनिट जवळजवळ हाकेच्या अंतरावर सापडतात. थेट गारमेंट युनिटला जाऊ नका. आधी दोन दिवस सायझिंगला, मग मागाच्या शेडमध्ये, मग प्रोसेसला. गारमेंटमध्ये पोहोचलात की पहिला आठवडा कटिंग टेबलापाशीच काढा. एका लेचे खालचे, मधले आणि वरचे तुकडे मोजा, कटर कुठे झुकतो ते लिहून ठेवा. सोबत कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बाजारातून वेगवेगळ्या कापडांचे पाऊण-पाऊण मीटरचे तुकडे आणा. प्रत्येकाचा ताणा, बाणा, काउंट, इंचातले धागे, वजन आणि आटणं वहीत नोंदवा, शेजारी तुकडा चिकटवा. रोज दोन केले तरी महिन्यात साठ होतात.